कुंपणाचा खांब कुजतो तो वीतभरच

मुरबाडजवळच्या आमच्या तुकड्याला पहिलं कुंपण घातलं तेव्हा निलगिरीचे खांब घेतले होते. सरळ, गुळगुळीत, स्वस्त. वखारवाला म्हणाला, "साहेब, खाली काळं ऑइल मारा, दहा वर्षं बघायला नको." आम्ही ठाण्याचे, आठवड्याला एकदा रविवारी जाणारे. ऐकलं. चौथ्या पावसाळ्यानंतर कोणाच्या तरी म्हशीने अंग घासलं आणि चार खांब ओळीने आडवे झाले.

उपसून पाहिले तेव्हा खरी गोष्ट कळली. वरचं लाकूड ठणठणीत होतं. खड्ड्याच्या तळातलं टोकही बऱ्यापैकी टणक होतं. मधली वीतभर जागा, जमीन आणि हवा जिथे भेटतात ती, ओल्या भुशासारखी बोटांनी निघत होती. बांधापलीकडचे आजोबा बघत उभे होते. म्हणाले, "पान्यानं नाय कुजत खांब, पान्याच्या जान्या-येन्यानं कुजतो."

नंतर वाचलेलं सगळं याच एका वाक्यात बसलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल, हवा आणि खाणं तिन्ही एकदम लागतं. वरच्या भागात ओल टिकत नाही, खोल तळाशी हवा पुरत नाही. जमिनीलगत मात्र पावसाळाभर तिन्ही हजर असतात, आणि आपल्याकडे पाऊस पडतो अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. पाऊस संपला की मुरमातली वाळवी येते, ती सुद्धा इथूनच चढते. लोखंडी अँगल गंजतो तो इथेच. म्हणून खांब कुठलाही घ्या, प्रश्न एकच विचारा: या वीतभर जागेचं काय?

आधी मोजणी, मग खड्डा

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. सातबारा आणि गाव नकाशा हातात असला तरी बांध जिथे दिसतो तिथेच हद्द असेल असं नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना चहाला बोलवा. बांधावरून कोणाची वहिवाट असेल तर ती बंद करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली असा रस्ता तहसीलदार देऊ शकतात, आणि मग तुमचेच रोवलेले खांब तुम्हालाच काढावे लागतात.

खांबांचा हिशोब सोपा आहे. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. तुकडा अगदी चौकोनी असेल तर घेर साधारण 835 फूट येतो. दहा फुटांवर एक खांब धरला तर 84, आठ फुटांवर धरला तर 105. पण आपल्याकडचे तुकडे चौकोनी कुठे असतात? शंभर फूट रुंद आणि लांबच लांब पट्टी असेल तर तेवढ्याच एकराचा घेर 1,070 फुटांपर्यंत जातो. खांब मागवण्याआधी टेप घेऊन चालत जा. फाटकाचे दोन आणि कोपऱ्यांचे खांब वेगळे मोजा, ते जाड लागतात.

लाकूड घेणार असाल तर टोक बघा, लांबी नंतर

खांबाचं कापलेलं टोक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मध्ये गडद गाभा दिसेल, त्याभोवती पांढरट कडा. टिकाऊपणा सगळा गाभ्यात असतो. सागाची कीर्ती खरी आहे, पण ती सागाच्या गाभ्याची. बाहेरचा पांढरा भाग सागाचा असो की सावरीचा, दोन-चार पावसात जातो. विरळणीत काढलेले चार इंची कोवळे सागवासे 'साग' म्हणून विकले जातात. त्यांत गाभा जेमतेम दोन इंच निघतो. बाकीचं लाकूड म्हणजे वाळवीचं जेवण.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे खरोखर जमिनीत पुरून ते किती टिकतात ते मोजलं जातं. त्यावरून तीन वर्ग पाडले आहेत: 120 महिन्यांहून जास्त टिकणारं पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने दुसऱ्या, 60 महिन्यांच्या आत जाणारं तिसऱ्या. सागाचा गाभा आणि खैर पहिल्या वर्गातले. हे आकडे प्रक्रिया न केलेल्या लाकडाचे आहेत. जाड खांब त्याहून जास्त चालतो, कारण कुजायला लाकूडही जास्त असतं.

आमच्या भागात जुन्या कुंपणांत ऐनाचे, किंजळाचे, खैराचे खांब दिसतात. आता ते सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी कागद लागतो. साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडं तुमच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खाली येतात, तोडायला परवानगी लागते. बाहेरून आणलेल्या मालाला वाहतूक पास मागा. "पास कशाला, ओळखीचा माल आहे" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. रस्त्यात टेम्पो अडवला की ती ओळख उपयोगी पडत नाही.

ठाणेकरांना एक वाट सहज उपलब्ध आहे. नौपाड्यात, चेंदणीत, कल्याणच्या जुन्या भागात चाळी आणि कौलारू घरं पाडली जातात तेव्हा त्यांतल्या सागाच्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. हे बहुतेक निव्वळ गाभ्याचं लाकूड असतं, वर्षानुवर्षं वाळलेलं. सगळ्या कुंपणाला परवडणार नाही. फाटकाच्या दोन आणि कोपऱ्याच्या चार खांबांना मात्र याच्यासारखं काही नाही. खिळे नीट काढून घ्या, भिंतीत गाडलेलं टोक कापून टाका आणि पावती जपून ठेवा.

निलगिरीचे आणि सुरूचे खांब स्वस्त आहेत म्हणून घेतले जातात. प्रक्रिया केली नाही तर त्यांचं आयुष्य मी वर सांगितलंच. बांबू तर त्याहून कमी, दोन-तीन पावसाळे. मधल्या काठीला ठीक, खांबाला नाही.

सिमेंटचा पोल: गोणीमागे किती काढता?

आज कल्याण-मुरबाड रस्त्याने जाताना जिकडे तिकडे सिमेंटचे पोल दिसतात आणि बहुतेकांसाठी तेच बरे आहेत. पण पोल-पोलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चार इंच बाय चार इंच, सात फूट लांब असा भरीव पोल साधारण 53 किलोचा होतो. त्यात चांगल्या प्रमाणाच्या काँक्रिटने जवळजवळ नऊ किलो सिमेंट जातं. म्हणजे 50 किलोच्या गोणीत पाच, फार तर सहा पोल. कारखान्यात गेलात की सहज विचारल्यासारखं विचारा, "दादा, एका गोणीत किती काढता?" तो अभिमानाने "दहा" म्हणाला तर पाणी पिऊन निघून या.

दुसरं, सळया. चार कोपऱ्यांत चार हव्यात आणि त्यांच्यावर सगळीकडून निदान पाऊण इंच काँक्रिट हवं. पोलाच्या बाजूला सळईची रेघ दिसत असेल तर तो पोल आताच आजारी आहे. पाणी आत शिरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि पोल आतून उभा फुटतो. तिसरं, पाणी मारणं. साच्यातून काढून उन्हात रचून ठेवलेले पोल पांढरे दिसतात, कोपरे नखाने झडतात. निदान दहा-बारा दिवस ओले ठेवलेला पोल हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजतो. मी पाच पोल उचलून ठोकून बघतो. मालक हसतो, हसू दे. आणि टेम्पोतून उतरवताना पोल फेकू देऊ नका. त्या वेळी पडलेली केसाएवढी भेग तिसऱ्या वर्षी दिसते.

तुमची जमीन खाडीकाठी, भिवंडी किंवा बेलापूरकडच्या खाजणात असेल तर हिशोब बदलतो. खारं पाणी काँक्रिटमधून सळईपर्यंत पोचतं. तिथे सळईवरचं काँक्रिट दीड-दोन इंचांचं मागून घ्या, पोल जाड होईल तर होऊ द्या. लोखंडी अँगल तिथे नकोच. तिवरांना, म्हणजे खारफुटीला, हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

अँगलचं एवढंच सांगतो: 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरचा अँगल मीटरला तीन किलो भरतो, म्हणजे सात फुटी खांब साडेसहा किलोच्या आत-बाहेर. गरम जस्ताचा थर दिलेला घ्या, नुसता लाल रंग मारलेला नको. आणि रस्त्याला लागून शेत असेल तर विचार करा. आमच्या ओळखीतल्या एकाचं अर्धं कुंपण एका रात्रीत भंगारात गेलं. सिमेंटचा पोल कोणी चोरत नाही.

जिवंत खांब कुजत नाही

माझा जीव गिरीपुष्पावर आहे. उंदीरमारी म्हणतात ते. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फुटी फांद्या तोडायच्या, खालचं टोक तिरकं आणि स्वच्छ कापायचं, दीड फूट खोल पुरून माती घट्ट दाबायची. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतात. पहिल्या वर्षी त्याला तार लावायची नाही. मुळं धरायच्या आत तारेचा ताण बसला की फांदी हलते आणि मरते. दुसऱ्या वर्षी लावा, पण खिळा थेट झाडात नको. झाड जाड होताना तार गिळून टाकतं आणि मग ती बदलता येत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून सैल बांधा.

छाटलेला पाला भाताच्या चिखलणीत जातो. चारसूत्री भात लागवडीत गिरीपुष्पाचा पाला हे एक सूत्रच आहे. म्हणजे कुंपण खतही देतं. पांगारा, शेवगा असेच लागतात, पण शेवगा वाऱ्याला मोडतो. मध्ये मध्ये करवंद, सागरगोटा लावलात तर खालची फट भरते.

काही जुने लाकडी खांब सोडले तर आमचं सध्याचं कुंपण असं आहे: कोपरे आणि फाटक जुन्या सागाचे, दर चौथा खांब सिमेंटचा, मधले तीन गिरीपुष्पाचे. पहिली दोन वर्षं मधे बांबू टेकवले होते, ते कुजेपर्यंत झाडं उभी राहिली.

लाकडाला औषध: काय चालतं, काय फक्त समाधान देतं

काळं ऑइल लाकडात आत जात नाही, वरवर बसतं, आणि पावसात धुऊन विहिरीकडे जातं. टोक जाळून काळं करण्याची जुनी रीत आहे, पण कोळशाच्या थराला भेगा पडतात आणि वाळवीला तेवढी वाट पुरते. ओल्या लाकडाला डांबर फासणं तर उलटंच काम करतं, आतली ओल कोंडली जाते. शेंडा खाली करून पुरला की कुजत नाही, हेही ऐकाल. जाड बुडखा खाली ठेवा, तोच जास्त दिवस निभावतो.

खरं काम करतं ते लाकडाच्या आत शिरलेलं औषध. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण 1933 मध्ये डेहराडूनच्याच संस्थेत सोंटी कामेसम यांनी शोधलं आणि पुढे ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे आता आर्सेनिकऐवजी बोरिक ॲसिड घातलेलं मिश्रण बरं समजतात. बोरिक, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि सोडियम डायक्रोमेट यांचं प्रमाण 1.5 : 3 : 4. नुसतं मोरचूद घालून भागत नाही, ते पावसात धुऊन जातं. डायक्रोमेट त्याला लाकडात बांधून ठेवतं.

शक्य असेल तर दाब देऊन औषध भरणाऱ्या कारखान्यातूनच खांब आणा. डायक्रोमेट कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, त्याची धूळ श्वासात आणि पाणी कातडीवर जाता कामा नये. घरी करायचंच असेल तर रबरी हातमोजे, चष्मा, नाकाला मास्क, आणि मुलं-गुरं त्या बाजूला फिरकू द्यायची नाहीत. रीत अशी:

1. खांब ताजे तोडलेले हवेत, निलगिरी किंवा सुरूचे. तोडल्यापासून दिवसाच्या आत साल पूर्ण सोला. हवी ती लांबी, खाचा, भोकं आधीच करून घ्या. औषधानंतर कापलं तर आतलं कच्चं लाकूड उघडं पडतं.

2. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. लोखंडाचा चालणार नाही, मोरचूद पत्रा खातं. शंभर लिटर पाण्यात बोरिक 1 किलो, मोरचूद 2.1 किलो, डायक्रोमेट 2.8 किलो लाकडी दांड्याने विरघळवा. हे साधारण सहा टक्क्यांचं द्रावण झालं.

3. ड्रम सावलीत, वारा लागेल अशा जागी, वर छप्पर असलेला. खांब बुडखा खाली करून उभे करा. वरच्या टोकातून पाणी उडत जातं तसं खालून औषध चढतं. सात ते दहा दिवस लागतात. पातळी उतरली की तेच द्रावण घाला.

4. चार इंची, सात फुटी खांबाने साधारण दोन लिटर प्यायला हवं. किती द्रावण संपलं ते लिहून ठेवा, अंदाजावर जाऊ नका. शेवटचे दोन दिवस खांब उलटा करून शेंडा बुडवा.

5. काढून सावलीत आडवे रचा, मध्ये पट्ट्या घालून, तीन-चार आठवडे. औषध लाकडात पक्कं बसायला हा वेळ लागतो. घाईने पावसात पुरलात तर सगळं धुऊन जाईल.

उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, पुढच्या खांबांना वापरा. आणि असल्या खांबाचे तुकडे चुलीत जाता कामा नयेत. गड्याला हे स्वतः सांगा, सरपण म्हणून ते नेणं त्याला साहजिक वाटतं.

खांब पूर्ण वाळल्यावर त्या वीतभर जागेला, म्हणजे जमिनीखाली फूटभर आणि वर सहा इंच, डांबराचा पट्टा द्या. तळाला मी फासत नाही. आत गेलेल्या पाण्याला खालून वाट असावी.

रोवणं

मे महिन्यात मुरूम दगडासारखा असतो, पहार उडते आणि गडी दुसऱ्या दिवशी येत नाही. भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतर जमिनीत ओल असते तेव्हा खड्डे घ्या. सात फुटी खांबाला दोन फूट वरकस, म्हणजे उंचावरच्या मुरमाड जमिनीत पुरे, भाताच्या खाचरात अडीच ते तीन फूट. खाचराची माती पावसात लोण्यासारखी होते, म्हणून तिथे लांब खांब आणा.

खड्डा ठरल्यापेक्षा सहा इंच जास्त खोल घेऊन तळाला खडी घाला. सिमेंटच्या आणि अँगलच्या खांबाला काँक्रिट घाला, लाकडाला नको. लाकूड सुकून आकसतं, काँक्रिटचा पेला तयार होतो आणि पाणी नेमकं त्या वीतभर जागेत साचतं. लाकडाभोवती डबर आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने टाका आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठेचा. शेवटी खांबाभोवती मातीचा उंचवटा करा, पाणी बाहेर पळेल असा. अँगलच्या काँक्रिटचं तोंड जमिनीच्या दोन-तीन इंच वर आणि उतरतं ठेवा. लाकडाचा वरचा शेंडा तिरका कापा किंवा त्यावर पत्र्याची टोपी ठोका.

आधी कोपरे, मग दोरी, मग मधले. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही तारांच्या दिशेने तिरके टेकू द्या, टेकूचं खालचं टोक पुरलेल्या दगडाला भिडलेलं असू दे. सरळ ओळीत दर दहा-बारा खांबांनंतरही एक टेकू लागतो. कुंपण मधून पडत नाही, कोपऱ्यातून ढिलं होतं. लाकडाला जस्त चढवलेले यू-खिळे ठोका, पण पूर्ण आत नाही. तार आतून सरकली पाहिजे, म्हणजे पुढे ताण देता येतो.

रानडुकरांचा त्रास असेल तर काटेरी तारेवर विसंबू नका, तो खालून उकरून येतो. खाली दोन फूट जाळी आणि तिचा काही भाग जमिनीत हवा. तारेत घरची वीज सोडणं हा गुन्हाही आहे आणि बळीही माणसाचाच जातो. सौर झटका यंत्र वेगळं, त्याचा धक्का क्षणभराचा असतो.

दिवाळीतली फेरी

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुंपणाला एक फेरी मारतो. प्रत्येक लाकडी खांबाभोवतीची माती चार इंच उकरायची आणि टोक दाबून बघायचं. अर्ध्या इंचाहून जास्त सहज रुतलं तर खडूने फुली. मातीचे वाळवीचे बोगदे वर चढलेले दिसले तर खरवडायचे, आणि खांबाला चिकटलेलं गवत, पालापाचोळा दूर करायचा, तो ओल धरून ठेवतो.

फुली पडलेला खांब लगेच काढायची गरज नसते. वरचे पाच फूट अजून चांगले असतात. त्याच्या शेजारी साडेतीन फुटांचा सिमेंटचा तुकडा दोन फूट पुरायचा, खांबाला दोन जागी तारेने किंवा पट्टीने आवळायचा आणि खालचं कुजलेलं बूड करवतीने कापून टाकायचं. मागच्या वर्षी असे सहा केले, त्यातले दोन पहिल्याच कुंपणातले निलगिरीचे आहेत.